कोथिंबीर आणायला मीच पाठवलं होतं

"मीच पाठवलं होतं त्यांना, मॅडम. कोथिंबिरीची जुडी आणायला." समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ताई हेच तीनदा म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आठ महिन्यांपूर्वी पोह्यांवर घालायला घरात कोथिंबीर नव्हती, मिस्टर स्कूटर घेऊन निघाले आणि वळणावर टेम्पोनं उडवलं.

त्यात भाच्यानं 'बटरफ्लाय इफेक्ट'चा व्हिडिओ पाठवलेला: फुलपाखराच्या फडफडीएवढ्या छोट्या गोष्टीतूनही पुढे केवढं तरी घडू शकतं, असा.  हेतू चांगला असेल, पण ताईंच्या मनात विज्ञानानंच शिक्कामोर्तब केलं: ते फुलपाखरू म्हणजे मी.

'मी तेव्हा तसं केलं नसतं तर' हे घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. "तुमचा काय दोष हो?" हे त्यांनी घरच्यांकडून शंभरदा ऐकलेलं असतं, त्याचा काडीचा उपयोग झालेला नसतो. म्हणून मी त्या व्हिडिओलाच हात घातला.

1961 साली अमेरिकेत एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं एक गणित संगणकावर दुसऱ्यांदा चालवत होते. 0.506127 ऐवजी कागदावर छापलेला 0.506 एवढाच आकडा त्यांनी भरला आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर पुढचं सगळं हवामान भलतंच. फुलपाखरू आलं ते 1972 च्या त्यांच्या भाषणात: ब्राझीलमध्ये पंख फडफडले म्हणून टेक्सासमध्ये वादळ येईल का? व्हिडिओत नसलेली गोष्ट अशी, की त्याच भाषणात ते म्हणतात, एका फडफडीनं वादळ येऊ शकत असेल तर तितकंच ते टळूही शकेल. आणि बाकीची लाखो फुलपाखरंही फडफडतच असतात.

"मग ती बाकीची लिहून आणा," मी म्हटलं.

आठवड्यानं दोनशे पानी वही आली. 27 नोंदी. गॅसवाला उशिरा आला. स्कूटरची किल्ली सापडेना. शेजारच्या काकांनी जिन्यात गाठून मॅचचा स्कोअर विचारला, त्यात दोन मिनिटं गेली. त्या ओळीवर ताईंचं बोट थांबलं. आता दोष काकांवर सरकतो की काय, या धास्तीनं मी गप्प बसले.

"पण काकांना बिचाऱ्यांना काय माहीत, की…" वाक्य तिथंच तुटलं. मग त्या बराच वेळ रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बाकी काही बोलले नाही.

माणसाचं मन समीकरणात बसतं असा माझा दावा नाही. केऑस थिअरी (सुरुवातीच्या एवढ्याशा फरकानं पुढे सगळं कसं बदलतं, त्याचं हे गणित) मी उपमेपुरतीच वापरते. तिच्यातली आणखी एक गोष्ट मात्र कामाला आली. लॉरेन्झच्या गणिताचा आलेख काढला की फुलपाखराच्या दोन पंखांसारखा दिसतो; त्यातली रेषा कधीच तंतोतंत जुन्या वाटेनं जात नाही, तरी फिरते त्याच दोन पंखांच्या आत. ताईंचा दिवस कसाही उजाडो, संध्याकाळी साडेसहाला ओट्यापाशी मन त्याच जागी येऊन थांबायचं. त्या वेळी समजावणं फुकट. आम्ही एवढंच ठरवलं, की साडेसहाला ओटा सोडायचा आणि जाऊबाईंबरोबर खाली चक्कर मारायची. झोप पार उडाली होती, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे वेगळं पाठवलं.

पाच महिने झाले. पोहे पुन्हा व्हायला लागलेत. कोथिंबीर अजून जाऊबाईच आणतात.