सिंड्रेला मांडावर येते ती अनवाणीच

वाचक विचारतात : या वेळची पत्रं परीकथांची पुनर्कथनं आणि देशोदेशीच्या नव्या फँटसीबद्दल

प्रश्न : नातीमुळे अलीकडे इंग्रजी फँटसी वाचू लागलो. दोन मतं झाली आहेत. एक, जुन्या परीकथा ‘नव्याने’ सांगणारे मूळ कथेची वाट लावतात. दोन, हल्ली नायिका सावळी असते, राजपुत्र आफ्रिकी असतो, चेटकीण चिनी असते. पण पान उलटलं की तोच दगडी किल्ला आणि तीच खाणावळ. माझं काही चुकतंय का?
— निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : दुसरं मत बरंचसं बरोबर आहे, पहिलं नाही. कारण ‘मूळ कथा’ म्हणून आपण जी धरून बसतो ती बहुतेक वेळा आपण लहानपणी पहिल्यांदा ऐकलेली असते, इतकंच. काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि बाराचा ठोका हे सगळं शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच पुस्तकातलं. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाला परी नाही, बाराचं बंधन नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं झाड आणि पाखरं तिला कपडे देतात, बूट सोन्याचा आहे, आणि तो पायात जावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या ये श्येनच्या गोष्टीत माशाची हाडं तिला वस्त्रं देतात आणि बूट तिथेही सोन्याचाच. यांतली मूळ कुठली? खुद्द ग्रिमनी १८१२ ते १८५७ या काळात आपल्या संग्रहाच्या सात आवृत्त्या काढल्या आणि दर खेपेला हात फिरवला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. सावत्र ती नंतर झाली.

आपल्या अंगणातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मेरी फ्रिअरने १८६८ साली दख्खनच्या लोककथांचं पुस्तक लंडनला छापलं. त्या कथा सांगणारी तिच्या घरची आया, अ‍ॅना लिबराटा डिसूझा. तिच्या आजोबांचं घराणं लिंगायत, मूळ कालिकतचं; गोव्याजवळ येऊन राहिलं आणि तिथेच ख्रिस्ती झालं. तिच्या सोदेवाबाईच्या कथेत राजकन्येची रत्नजडित चप्पल डोंगरावरून खाली घरंगळते आणि खालच्या मुलखातल्या राजपुत्राच्या हाती लागते. इथवर सिंड्रेलाच. पण या राजकन्येचा जीव गळ्यातल्या हारात आहे, त्यामुळे लग्न झालं की गोष्ट संपत नाही. खरा धोका लग्नानंतर सुरू होतो. आणि पुनर्कथनाचंच म्हणाल, तर इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. बायबलची कथा, जवळपास अकरा हजार मराठी ओव्या, आणि त्यात स्वर्गाला चक्क वैकुंठ. गोमंतकीय वाचकाने पुनर्कथनावर नाक मुरडावं, हे जरा गमतीचंच.

आता दुसरं मत. वेगळेपण वरवरचं की आतलं, हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे. पहिली तीस पानं घ्या आणि नावं, कातडीचा रंग, पोशाख यांच्यावर पेन्सिलीने काट मारा. उरलेल्या मजकुरात चार गोष्टी शोधा : पाहुण्यापुढे काय ठेवतात, जमीन कोणाच्या नावावर जाते, कोण कोणाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही, आणि जादूची किंमत कोण मोजतो. चारांची उत्तरं कुठल्याही युरोपी दरबाराला चालण्यासारखी निघाली, तर रंग नुसता मुखपृष्ठापुरता.

रंग बदलल्याने कथा बिघडते का, याचं उत्तर मात्र कथेकथेला वेगळं आहे. सिंड्रेलाच्या रंगावर काहीच अडलेलं नाही, त्यामुळे ती सावळी झाली तर एकही प्रसंग हलत नाही. हिमगौरीचं तसं नाही. बर्फासारखी गोरी हे तिच्या नावातच आहे, आणि आरसा त्याच जगात बसून निवाडा करतो. ती सावळी करायची तर आरसा नेमकं काय मोजतो, हे लेखकाने नव्याने ठरवायला हवं. ज्याने ते ठरवलं त्याचं पुस्तक वाचावं. ज्याने टाळलं त्याचं ग्रंथालयात परत करावं, दंड लागायच्या आत.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी २,५०० शब्दांत गोव्यातली सिंड्रेला लिहिते आहे. राजवाड्यातल्या नाचाऐवजी धालो घेतले. पण राजपुत्र आला की कथा खोटी वाटते. काय करू?
— गृहिणी, डिचोली

उत्तर : निवड छान आहे आणि अडचण त्याच निवडीत आहे. पौषातले धालो हा बायकांचा खेळ. राजपुत्र मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, येऊन तिचा हात धरूच शकत नाही. दुसरं, मांड पवित्र, तिथे बायका अनवाणी. म्हणजे हरवायला बूटही नाही. पुनर्कथनं फसतात ती इथेच : ठिकाण बदललं, पण जुन्या कथेच्या वस्तू तशाच उचलून आणल्या.

म्हणून आधी वस्तू बाजूला ठेवा आणि तिचं काम लिहून काढा. बूट तीन कामं करतो. नकळत मागे राहतो, एकाच अंगाला बसतो, आणि शोधणाऱ्याला घरोघर फिरवतो. गोव्यात ही तिन्ही कामं काचेचं कांकण करू शकेल. पण नुसत्या मापावर विसंबू नका. बांगडीचं ‘दोन-चार’ म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, साधारण ५७ मिलिमीटर. ‘दोन-सहा’ म्हणजे साधारण ६० मिलिमीटर. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, निम्म्या बायका या दोन मापांत बसतील आणि शोध पहिल्याच दारात अडकेल. तेव्हा माप आणि भरण्याचा क्रम दोन्ही घ्या : कुठल्या रंगाचं कांकण कुठल्या रंगाशेजारी. हे एकाच माणसाला ठाऊक असतं, ज्याने ती भरली त्या कांकणकाराला. वाड्यावरच्या प्रत्येक मनगटाची त्याला ओळख. शोध त्यानेच घ्यावा; राजपुत्र लागलाच तर मांडाबाहेर उभं राहून गाणं ऐकण्यापुरता.

याचा एक फायदा आपोआप मिळतो. सावत्र बहीण हाताला खोबरेल चोळून, बोटं जुळवून कांकण दामटायला बघेल. अंगठ्याच्या उंचवट्याशी ते अडतं. जोर केला की काच तडकते आणि रक्त येतं. ग्रिमची कापलेली टाच इथे न कापता आली. फक्त कांकणं किमान दोन मागे राहू द्या, नाहीतर नायिकेला घालायला काही उरणार नाही.

राजपुत्राच्या जागी भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा घेणार असाल तर साल ठरवून टाका. नायिका मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्याच्या, घरातली असेल आणि कथा १९७५च्या मुंडकार संरक्षण कायद्याच्या आधीची असेल, तर भाटकाराची माणसं दाराशी आली की घरात आनंद होत नाही. उद्या घर खाली करायला सांगतील अशी भीती वाटते. तीच दारावरची थाप कायद्यानंतर वेगळी ऐकू येते. दोन्हीतलं काहीही घ्या, मोघम ठेवू नका.

शब्दांचं म्हणाल, तर सावत्र आईचा जाच ३०० शब्दांत उरका, तो वाचकाला पाठ आहे. मांडावरच्या रात्री तीनच घ्या, पाच-सात नकोत, त्यांना ८००. शोधाला ९००. उरलेले ५०० शेवटाला राखून ठेवा. बहुतेक हस्तलिखितांत शेवटाला दीडशेच उरतात आणि लग्न बातमीसारखं लागतं.

प्रश्न : परीच्या जागी देवचार चालेल का? लोक रागावतील का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पेडणे

उत्तर : चालेल, पण परीचे कपडे त्याला घालू नका. परी फुकट देते आणि नाहीशी होते. देवचार राखणदार आहे. त्याला हद्द आहे, मान आहे. कुठे रोट, कुठे सोरो (दारू), कुठे विडी, आणि बोललेलं दिलं नाही तर तो विचारतो. त्याची सत्ता गावाच्या शिवेपर्यंत. हेच कथेत वापरा : बाराच्या ठोक्याऐवजी शीव. नायिका शिवेपलीकडे गेली की दिलेलं सगळं गळून पडतं. वेळेच्या जागी जागा आली आणि घड्याळ शोधायची गरज उरली नाही.

त्याला भूत करू नका. तो भुतासारखा किंचाळायला लागला की पेडण्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. गाव काल्पनिक ठेवा, नाव खरंच कुठे नाही ना ते बघून घ्या. ज्याची आजही पूजा होते त्या देवस्थानाला खलनायक करायचं काही कारण नाही. छापण्याआधी दोघांना वाचायला द्या : एक त्या भागातलं जुनं माणूस, आणि एक ज्याला देवचार म्हणजे काय तेच माहीत नाही. पहिला चुका दाखवेल, दुसरा कुठे कंटाळा आला ते सांगेल.

प्रश्न : जुनी परीकथा वापरायला परवानगी लागते का?
— मडगाव

उत्तर : कथेला नाही, शब्दांना लागू शकते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. पेरो, ग्रिम, फ्रिअर मोकळे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून मोकळं. दुर्गाबाई भागवत २००२ साली गेल्या. त्यांच्या संग्रहातलं वाक्य जसंच्या तसं उचलता येणार नाही. अनुवादाचा हक्क वेगळा असतो, म्हणून ग्रिम मोकळे असले तरी कालपरवाचा मराठी अनुवाद मोकळा नाही. आणि सात बुटक्यांची आपल्याला पाठ असलेली नावं ग्रिमची नव्हेत, डिस्नेच्या १९३७च्या चित्रपटातली आहेत. ती वापरू नका.

प्रश्न : निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत, असं चालेल?
— फोंडा

उत्तर : चालेल, पण तालुका एकच धरा. अंत्रुजी (फोंड्याकडच्या) नायिकेच्या आईच्या तोंडी साष्टीची बोली आली तर गोव्याबाहेर कुणाला कळणार नाही, गोव्यात सगळ्यांना कळेल. वाक्यं आखूड ठेवा. ‘खंय वता गो?’ हे सातारच्या वाचकालाही कळतं. चार ओळींचं कोंकणी स्वगत कळत नाही. खाली अर्थ देत बसावं लागलं तर ते वाक्य मराठीतच लिहा.