माळ माझी, बोंबील तिचे

प्रश्न : काका, मी फलटणची, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी माळ घातली, दोन वाऱ्या झाल्या. मला जे समाधान मिळालं ते घरच्यांनाही मिळावं असं वाटतं. सूनबाई मालवणची. तिला रोज हरिपाठाला बस म्हणते, मोबाइलवर कीर्तनं पाठवते. ती "हो आई" म्हणते, पण हल्ली संध्याकाळी नेमकी सातलाच बाहेर पडते. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, सून भांडत नाही, वाट काढते. माझी बायकोही तेच करायची. मला कळायला चार वर्षं लागली.

मी माळ घातली आणि त्याच आठवड्यात सुके बोंबील घरातून हद्दपार केले. बायको रत्नागिरीची, पण काही बोलली नाही. फक्त दर बुधवारी तिचं भावाकडे काम निघू लागलं. एकदा जेवताना धाकट्याने सांगून टाकलं, "मामाकडचं कालवण भारी असतं!" बायको ताटात बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळ मी मागून घेतली होती. मांस-मद्य सोडशील का, एकादशी करशील का, हे महाराजांनी मला विचारलं होतं. बायकोचं नावही निघालं नव्हतं.

आणि मला तरी वारीला कोणी ओढलं? बँकेतला एक सहकारी दर आषाढीला रजा टाकायचा, रापून परतायचा आणि पुढे महिनाभर कुणावर चिडायचा नाही. बारा वर्षांत 'चल' म्हणाला नाही. शेवटी मीच विचारलं. म्हणाला, "दिवेघाट चढून बघ. नाही जमलं तर सासवडहून एसटी आहे." त्या एसटीच्या भरवशावर गेलो.

कीर्तनं पाठवणं आजच थांबवा. (मलाही येतात, मी उघडत नाही.) हरिपाठ म्हणा, हाक मारू नका. आणि आंगणेवाडीची भराडीदेवी सुनेच्याच तालुक्यातली. तिच्या जत्रेचा दिवस पंचांगातल्या तिथीवर नाही, देवीचा कौल घेऊन ठरतो. तो कसा घेतात, हे सुनेला कधी विचारलंत?

तिने मासे केले तर खिडकी उघडा, नाक मुरडू नका. मी आता बाजारातून आणूनही देतो. कोळीण माझ्या गळ्यातली माळ बघून दर बुधवारी हसते आणि एक बोंबील जास्त टाकते.