शिशाचा एप्रन डॉक्टरांनाच का?

प्रश्न: मालकांचं मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय. तिथं डॉक्टर, सिस्टर शिशाचा एप्रन घालतात म्हणे. मग पेशंटला का नाही? – एक वाचक, गंगाखेड

उत्तर: ताई, खड्याच्या जागेवरच शिसं झाकलं तर सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, आम्हाला दिसणार काय? मालकांना एक्स-रेचे किरण लागतात ते आम्ही यंत्राचं पेडल दाबू तेवढ्याच वेळापुरते. आम्ही मात्र रोजचे. पेशंटच्या अंगातून विखुरलेले किरण आमच्याकडे येतात. लातूरच्या मे महिन्यात त्या एप्रनखाली सदरा पिळून निघतो, हौस नाही ती! खरं लक्ष सीटी स्कॅनवर ठेवा. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) मिळतात, पोटाच्या एका नेहमीच्या सीटीत ८-१०. जुनी फिल्म सोबत न्या, पुढच्या तपासणीला सोनोग्राफीवर भागेल का तेही विचारा.