रोजच्या धावपळीत आनंद आणि माणुसकी नेमकी कुठे सापडते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरीसाठी पुण्यात येऊन आठ महिने झाले, पगार वेळेवर होतो, तब्येत ठीक आहे, तरी दिवस कोरडे जातात. सगळे सांगतात, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोध. पण शोधायचं म्हणजे नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे याचं एक उत्तर आहे, पण ते डब्यातून सांगावं लागेल.

माझं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. १९९३ साली दहावी झालो आणि अकरावीसाठी कराडला आलो. स्टँडपासून दहा मिनिटांवर तिघांत मिळून एक खोली घेतली होती. मेसचे पैसे परवडणारे नव्हते, म्हणून डबा गावाहून यायचा, एसटीने. आमच्या भागात तेव्हा शिकणाऱ्या बहुतेक पोरांचं असंच होतं.

गावात रात्री मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि त्यांची भाकरी कुठल्या ना कुठल्या घरातून जायचीच. सकाळी सहाला गाडी निघायची. त्याआधी आई चारला उठून चूल पेटवायची. भाकरी, घेवड्याची नाहीतर पावट्याची आमटी, कोरड्यास म्हणून झुणका, कागदात बांधलेला खर्डा. स्टीलचा तीन पुडांचा डबा आणि त्याला युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी. पिशवीवर निळ्या ऑइलपेंटने माझं नाव. वडील ती पिशवी घेऊन अंधारात गाडीपाशी उभे राहायचे. असे बारा डबे आमच्या गावातून निघायचे आणि वाटेतल्या वाड्यांवरचे आणखी चढायचे. ड्रायव्हरमामा ते आपल्या केबिनमध्ये, इंजिनच्या बॉनेटवर रांगेने लावायचे. त्यामुळे कराडला पोचेपर्यंत भाकरी गरमच असायची. पावसाळ्यात ती पिशवी हातात घेतली की बोटांना ऊब लागायची. ती ऊब मला अजून आठवते.

आठच्या सुमाराला आम्ही सगळी पोरं फलाटावर उभी. खांद्याला पैशांची चामडी बॅग, काखेत तिकिटांचा ट्रे अशा अवतारात कंडक्टरमामा उतरायचे आणि डबे वाटायचे. पिशवीवरचं नाव त्यांनी कधी वाचलं नाही. "वरच्या आळीचा घे. गुरवाचा कोण? टाकीपासल्याचा आला का?" पिशवीच्या रंगावरून आणि गाठीवरून घर ओळखायचे. आम्ही कालचा रिकामा डबा त्यांच्या हातात द्यायचो, तो संध्याकाळच्या गाडीने परत. याचे पैसे आमच्याकडून कुणी कधी मागितले नाहीत.

रिकामा म्हणालो खरा, पण रिकामा डबा परत पाठवायचा नाही हे आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेजारणीने वाटीभर काही दिलं तर वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर तरी घालतो, तेच हे. मी डब्यात कधी चार बोरं घालायचो, कधी मूठभर शेंगा. काहीच नसलं तर खोलीमालकांनी वाचून टाकलेल्या वर्तमानपत्राचं एक पान घडी करून ठेवायचो. वडील ते पान रात्री कंदिलापुढे धरून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, असं आई सांगायची. पुढे पुढे मी पान निवडायला लागलो. शेतीचं असेल तर ते, कुस्तीची बातमी असेल तर ती. दिवसभर कॉलेजात असताना डोक्याच्या एका कोपऱ्यात एवढंच चालू असायचं, की आज डब्यात काय घालावं.

१९९४ च्या ऑगस्टमधली एक सकाळ. आठवडाभर पाऊस धरून होता. मला ताप भरला होता, खोलीतले दोघं सुट्टीला गावी गेलेले. डबा आणायला स्टँडवर जायची ताकदच नव्हती. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस उपास. नऊ वाजत आले असतील, जिन्यावर बूट वाजले. दारात कंडक्टरमामा. खाकी कपडे खांद्यापासून भिजलेले आणि पिशवी मात्र पोटाशी धरून कोरडी ठेवलेली. स्टँडवरच्या पोरांना विचारत विचारत खोली शोधली होती. पुढच्या फेरीला त्यांच्याकडे जेमतेम वीस मिनिटं होती.

डबा खिडकीत ठेवला, हाताची उलटी बाजू माझ्या कपाळाला लावली आणि विचारलं, "आईला काय सांगू तुझ्या?"

मी म्हणालो, "तापाचं सांगू नका. ती चालत येईल."

ते जरा थांबले. "बरं. पोरगा जेवला, एवढंच सांगतो. पर मी खोटं बोलायचो न्हाई. दोन घास खा माझ्यापुढं."

आणि ते खरंच उभे राहिले. भिजलेल्या कपड्यांनी, दाराला टेकून. मी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तेव्हा मान हलवली, कालचा डबा उचलला, जिना उतरून गेले. खालून त्यांचे बूट पळत गेल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. मामांनी सांगून टाकलं असेल असं मला वाटलं आणि थोडा रागही आला. खूप वर्षांनी आईला विचारलं. ती म्हणाली, त्यांनी "जेवला" एवढंच सांगितलं. पण डब्यात दीड भाकरी परत आली होती आणि पान नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्या दोन वर्षांत मी आनंद शोधत नव्हतो. मी अभ्यासाने, पैशांच्या चणचणीने, घरच्या आठवणीने बेजार होतो. आनंद आपोआप लागून यायचा, कारण माझं काहीतरी रोज दुसऱ्याच्या हातात होतं आणि दुसऱ्याचं काहीतरी माझ्या हातात. एसटीचं ब्रीदवाक्य आहे "बहुजन हिताय, बहुजन सुखाय". १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली, तेव्हापासून या गाड्यांनी माणसांबरोबर वर्तमानपत्रांचे गठ्ठे नेले, औषधं नेली, लग्नपत्रिका नेल्या, डबे नेले. त्यातल्या कितीतरी गोष्टी कुणाच्या तरी शब्दावर गेल्या: "एवढं तिथं द्या हो." या वाक्यात मला सगळी माणुसकी दिसते. सांगणारा विश्वास टाकतो, ऐकणारा तो उचलतो, आणि दोघांना एकमेकांचं पूर्ण नावही माहीत नसतं.

शहरात आपण नेमकं हेच वाक्य पुसून टाकलंय. जेवण दाराशी येतं, ओटीपी सांगितला की दार बंद. मी त्याला नावं ठेवत नाही, माझ्याही घरी तेच आहे. पण कुणाचीच गरज लागू नये अशी सोय करून घेतली की आपलीही गरज कुणाला लागत नाही. तुमच्या दिवसांचा कोरडेपणा मला तिथला वाटतो. माझे पुण्यातले पहिले दिवसही तसेच गेले. झोपताना चांगल्या गोष्टींची यादी लिहायची, असं मला एकाने सुचवलं होतं. महिनाभर मनापासून लिहिली. मला तरी त्याने काही झालं नाही. यादीत मी एकटाच होतो.

बदल झाला तो एका आजींमुळे. मी तेव्हा सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात राहायचो. खाली सत्तरीपुढच्या एक आजी एकट्या राहायच्या, गोधड्या शिवायच्या. एका रविवारी मी जिना उतरत असताना त्यांनी हाक मारली, "अरे, तुझे डोळे तरुण आहेत, एवढा सुईत दोरा ओवून दे." दिला. पुढच्या रविवारी पुन्हा. मग मीच म्हटलं, आजी, आठवड्याभराच्या एकदमच ओवून ठेवतो. त्यांनी एक जुनी उशी दिली. तिच्यात मी दर रविवारी दहा सुया ओवून टोचून ठेवायचो. पांढरा दोरा, काळा, लाल. पाच मिनिटांचं काम. निघताना त्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवायच्या. त्या वाड्यात मी तीन वर्षं राहिलो, आणि पुणं मला आपलं वाटायला लागलं ते त्या सुयांपासून.

यात दयाळू कोण होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. वरवर पाहिलं तर मी मदत करत होतो. पण अनोळखी पोराला हाक मारून काम सांगायला जो मोकळेपणा लागतो तो आजींचा होता. दार त्यांनी उघडलं. म्हणून मदत करा असं मी तुम्हाला आधी सांगणार नाही. आधी मागा. शेजारच्यांकडे विरजण मागा. ऑफिसात घरून डबा आणणाऱ्या कुणाकडे तरी लोणच्याची फोड मागा. रस्ता माहीत नसेल तर मोबाइल खिशात ठेवून पानवाल्याला विचारा. आणि वाटी परत करताना रिकामी करू नका, बाकीचं त्यातूनच सुरू होतं.

कधी संध्याकाळी भरलेल्या पीएमटीत चढा. आता तिला पीएमपी म्हणतात, माझ्या तोंडात पीएमटीच बसलंय. मागच्या दाराशी अडकलेला माणूस नोट पुढे करतो, "एक डेक्कन, पुढं द्या." ती नोट सहा-सात हातांतून कंडक्टरपर्यंत जाते. प्रत्येक जण पुढच्याला "एक डेक्कन" सांगतो. मग तिकीट आणि सुट्टे पैसे त्याच हातांतून, एक रुपया कमी न होता, मागे येतात. यूपीआयमुळे हे कमी झालंय, पण थांबलेलं नाही. त्या साखळीत एकदा तरी उभे राहा आणि नाणी देणाऱ्याची बोटं बघा. पडू नयेत म्हणून तो ती तुमच्या तळहातावर दाबून ठेवतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. कोरडेपणाबरोबर झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, नको ते विचार येत असतील, तर यातलं काही पुरणार नाही. डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, त्यावर मराठीतही बोलता येतं. फोन करणं हेही मागणंच आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. संपकऱ्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या, मला त्यांच्याबद्दल ममताच आहे, त्यांच्यातल्याच एकाने मला जेवू घातलंय. पण तेव्हा गावाकडं काय झालं ते आईकडून कळायचं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो, गाडीच नाही तर पासाचं काय करणार? पोरी चालत नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर बसून शाळेला जायच्या. आई फोनवर म्हणाली, "गाडी सुरू व्हायचा आवाज न्हाई, तर सकाळ झाल्यागत वाटंना." पहिली मुक्कामी गाडी परत आली त्या रात्री तिने चार भाकरी जास्त थापल्या.

मागच्या पावसाळ्यात गावाहून परत येताना मी सकाळचीच गाडी धरली. केबिनला लागून पहिली सीट मिळाली. एका वाडीवर एक बाई पळत आली, डोक्यावर पदर, हातात डबा. आता पिशवी कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाची होती. पुढे जागा नव्हती. कंडक्टर, पंचविशीची मुलगी होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, एवढा मांडीवर घ्या. कराडला पोरगं येईल." मी घेतला. कराडपर्यंत त्या डब्याचा तळ माझ्या गुडघ्यांना भाजेल न भाजेल इतका ऊन लागत होता. मेथीचा वास येत होता.

गाडी फलाटाला लागली तसा एक पोरगा खिडकीपाशी आला. मिसरूड फुटलेलं, केस ओले. मी डबा बाहेर दिला. त्याने कालचा रिकामा डबा माझ्या हातात ठेवला आणि "थँक्यू काका" म्हणून वळला. डबा हलका होता. कंडक्टरकडे देताना जरा हलला, तर आत काहीतरी खुळखुळलं.