नेपाळमधल्या पाटणहून आणलेली जम्भलाची (बौद्ध धनदेवतेची) मूर्ती आतून पोकळ आहे, तशीच पूजेत ठेवावी का?

पूजेसाठी असेल तर तशीच ठेवू नका. तिबेटी बौद्ध परंपरेत आधी मूर्तीत मंत्र भरतात, तळ बंद करतात आणि मग लामांकडून प्रतिष्ठा करून घेतात. पोकळ असणं हा दोष मुळीच नाही. पाटणचे नेवार कारागीर मेणाची पोकळ प्रतिमा घडवून तिच्यावर मातीचे लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या जागी वितळलेलं तांबं ओततात, त्यामुळे आत जागा राहतेच. त्या जागेत मधोमध लाकडाचा दंड, त्याभोवती मंत्र छापलेल्या कागदाच्या घट्ट गुंडाळ्या, धान्य, सुगंधी द्रव्यं असं भरतात. खाली तांब्याचा पत्रा बसवतात. त्यावर बहुतेकदा विश्ववज्र, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन वज्रांचं चिन्ह, कोरलेलं असतं. मूर्तीचा तळ आधीच असा बंद असेल, तर कुतूहलापोटीसुद्धा उघडू नका. मांडताना जम्भल बुद्धमूर्तीपेक्षा खालच्या पायरीवर हवा. (त्याच्या उजव्या हातातलं फळ नीट पाहा: ते म्हाळुंग आहे, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच.) अगदी लहान, भरीव मूर्तीत काही भरता येत नाही, तिची नुसती प्रतिष्ठा करतात. महाराष्ट्रात असाल, तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, तिथे चौकशी करा.