जुन्या व्हॅनच्या फ्युएल इंजेक्शनसाठी घरी स्कॅनर बनवता येतो का?

तुम्ही विचारलंय की १९८८च्या पेट्रोल व्हॅनसाठी लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर घरी बनवता येईल का, कारण मेकॅनिक ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती उडवायचं ते ठरवणारा इंजिनचा संगणक, बदला म्हणतोय. ईसीयूचं नाव वाचलं म्हणून लिहायला बसलो. आधी एवढंच ऐका, ईसीयू विकत घेऊ नका.

स्कॅनरशी बोलायला समोरचा ईसीयू बोलका लागतो. गाडीने आपले दोष स्कॅनरला सांगण्याची प्रमाण पद्धत म्हणजे ओबीडी-२, आणि अमेरिकेत ती सक्तीची झाली तीच १९९६ साली. त्याआधीच्या कित्येक ईसीयूंना स्वतःचा दोष सांगताच येत नाही. तारांमधली वीज मात्र सांगते, आणि ती वाचायला चार एलईडी पुरतात.

माझी व्हॅनही त्याच वयाची, इंजिन मागे. चाळीसेक मिनिटं चालून इंजिन तापलं की चालता चालता बंद पडायची. आचके नाहीत, ठसका नाही, कुणी चावी फिरवावी तशी गप्प. वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. गॅरेजपर्यंत नेली की ठणठणीत. एकदा बंद पडलेली असतानाच मेकॅनिक पोचला. सेल्फ मारताना पंपाचा आवाज येईना, म्हणून त्याने पंप बदलला. मग पंपाला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले बदलला. मग म्हणाला, ईसीयू गेलाय. माझा मोठा भाऊ या धंद्यात बावीस वर्षं आहे. तोही म्हणाला, ‘जुन्या गाडीत अंदाजच लावावा लागतो, टाक बदलून.’ मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मोजल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मी प्लास्टिकचा डबा घेतला, चार दिवे बसवले आणि सहा मीटर तार इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत आणली. पहिला दिवा ईसीयूच्या सप्लायवर, दुसरा पंपाच्या सप्लायवर, तिसरा पेट्रोल उडवणाऱ्या एका इंजेक्टरवर, चौथा डिस्ट्रिब्युटरमधल्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) हॉल सेन्सरवर, जो इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवतो. पहिल्या तिघांना एक किलोओहमचा रेझिस्टर: बारा व्होल्टमधले दोनेक एलईडी खातो, उरलेल्या दहात दहा मिलीअँपिअर वाहतात. हॉल सेन्सरच्या आत छोटासा ट्रान्झिस्टर असतो, त्याच्यावर ओझं नको म्हणून तिथे २.२ किलोओहम.

इंजेक्टरच्या दिव्यात बहुतेक जण चुकतात. इंजेक्टरच्या एका टोकाला चावी चालू असेपर्यंत बारा व्होल्ट असतातच. ईसीयू दुसरं टोक क्षणभर बॉडीला जोडतो (अर्थिंग देतो), तेव्हाच पेट्रोल उडतं. म्हणून एलईडीचं प्लस सप्लायच्या टोकाला आणि मायनस ईसीयूकडच्या टोकाला लावायचं, बॉडीला नाही. माझ्या गाडीत चारही इंजेक्टर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदम उडतात. म्हणजे ९०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला १५ वेळा, दिवा थरथरताना दिसतो.

मग रिकाम्या रस्त्यावर निघालो. मी चालवत होतो, बायको शेजारी डबा मांडीवर आणि वही हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी गाडी मेली. मी ठरवल्याप्रमाणे क्लच दाबला नाही, गिअर तसाच ठेवला. म्हणजे चाकांच्या जोरावर इंजिन फिरतच होतं. तिने वाचून दाखवलं: पहिला चालू, बाकी तिन्ही बंद.

सगळं कोडं त्यात सुटलं. ईसीयूला सप्लाय होता. इंजिन फिरत असूनही हॉलचा दिवा बंद, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नव्हतं. मग तो इंजेक्टर आणि पंप दोन्ही तोडणारच. अपघातात इंजिन थांबल्यावर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. पंप गप्प होता तो ईसीयूच्या हुकमाने. घरी येऊन आयडलवर डिस्ट्रिब्युटरला हेअर ड्रायरची गरम हवा दिली, सात मिनिटांत इंजिन बंद. हॉल सेन्सर बदलला. त्याला चार वर्षं झाली.

तुमची गाडी नेमकं काय करते ते तुम्ही लिहिलेलं नाही. तापल्यावर काळा धूर आणि पेट्रोल जास्त, असं असेल तर दिव्यांच्या आधी पाच किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर घ्या. इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरवरचा तारेचा प्लग काढून त्या प्लगला तो लावा, सेन्सर जागेवरच राहू द्या. त्या काळच्या बॉशच्या सेन्सरचा रोध २० अंशांना दोन-अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. तापलेल्या इंजिनवर तीनशेला आणल्यावर धूर गेला तर सेन्सर किंवा त्याची तार खराब. तार तुटली की ईसीयूला कडाक्याची थंडी वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. इथेही ईसीयू निर्दोषच.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. के-जेट्रॉनिक (बॉशची यांत्रिक इंजेक्शन पद्धत) असेल तर इंजेक्टरचा दिवा लावू नका, त्यात पेट्रोल दाबावर अखंड उडतं, पल्स नसतोच. एल-जेट्रॉनिकचे (बॉशच्याच इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे) इंजेक्टर दोन-तीन ओहमचे असतात, त्यांना बॅटरीचे थेट बारा व्होल्ट देऊ नका, जळतील. डब्याच्या सप्लायच्या प्रत्येक तारेत एक अँपिअरचा फ्यूज हवाच. इंजिन बंद झाल्यावरही पेट्रोलच्या पाइपात दाब राहतो. पेट्रोलचा जराही वास येत असेल तर हेअर ड्रायर जवळ नेऊ नका. आणि चालवणाऱ्याने दिव्यांकडे बघायचं नाही, दुसरं माणूस पाहिजेच.

दादा अजून म्हणतो की तारांचा प्लग काढून बसवल्यामुळे गाडी सुधारली, सेन्सरचा संबंध नाही. जुना सेन्सर मी जपून ठेवलाय. टेबलावर बॅटरी आणि दिवा लावून सेन्सरच्या फटीत लोखंडी पातं पुढेमागे केलं की गार असताना दिवा लुकलुकतो, तापवला की विझतो. तीनदा करून पाहिलंय, वहीत वेळा लिहिल्यात. दादाने कधीही येऊन बघावं. ज्या ईसीयूला तो आणि मेकॅनिक मेलेला म्हणाले, तोच आजही माझ्या गाडीत आहे.