सर्बियन चित्रं आणि गायन : सुरुवात कशी करावी

भित्तिचित्रं असलेले सर्बियातले सगळे ख्रिस्ती मठ एकदम पाहायची घाई करू नका. आधी स्टुडेनिका मठामधलं १२०९ च्या सुमाराचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं भित्तिचित्र निवांत बघा. गडद निळ्या पार्श्वभूमीवर तो शांतपणे डोळे मिटून आहे. वेदनेपेक्षा तिथे भव्यता जास्त जाणवते. मग सोपोचानी मठातलं, ख्रिस्ताची आई मरियेच्या देहावसानाचं चित्र घ्या. पश्चिमेकडच्या भिंतीवरचं हे चित्र मला तेराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकलेचं शिखर वाटतं.

संगीतासाठी सर्बियन संगीतकार स्टेवान मोक्रान्यात्स. तोंडी चालत आलेलं आठ रागपद्धतींचं चर्चगायन त्यांनी ऐकून स्वरलिपीत उतरवलं, ते १९०८ मध्ये छापलं गेलं. वाद्यांची साथ नसते, फक्त कंठ. आधी साधं, एकाच सुरावटीचं गायन ऐका, त्यांच्या समूहरचना नंतर.